टेपमावशींची पाण्यातली ट्रायल

टेपमावशींच्या गळ्यात मोजपट्टी नाही असं त्यांना कुणी पाहिलेलंच नव्हतं. बाजारात, दवाखान्यात, अगदी नातेवाइकांच्या समारंभातसुद्धा ती पिवळी पट्टी दोन्ही खांद्यांवरून खाली लोंबत असायचीच. पासपोर्टच्या फोटोसाठी त्या स्टुलावर बसल्या तेव्हा फोटोवाला म्हणाला, "मावशी, गळ्यातलं काढा." मावशींनी साखळी काढून पर्समध्ये टाकली. फोटोवाला नुसताच बघत राहिला. तेव्हा कुठे त्यांचा हात पट्टीवर गेला. "ही पण?" असं त्यांनी अशा आवाजात विचारलं, जणू कुणी दात काढून ठेवायला सांगितलं असावं.

वयाच्या साठीत पहिला पासपोर्ट निघत होता. त्याला कारण होतं लेकीचा एक फोन.

मावशींचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडच्या दारात त्यांचं पायाचं मशीन, भिंतीकडे काकांचं इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात दोरीवर एक पडदा. त्या पडद्याआड गिऱ्हाइकानं कपडे घालून बघायचे. काका आयुष्यभर बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर इस्त्री आणि काजबटणं त्यांनी आपणहून अंगावर घेतली. टोमणे मारायचं काम तर लग्नापासून त्यांच्याकडेच होतं.

दुकानाचा नियम एकच. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई नाही. आधी कच्चे टाके घालायचे, कपडा अंगावर चढवायचा, मग गिऱ्हाइकाला वळायला लावायचं, बसायला लावायचं, हात वर करायला लावायचं. कुणी कुरकुर करायचं, "मावशी, एक शर्ट तर आहे!"

"शर्ट एकच आहे, पण खांदे दोन आहेत ना? आणि ते दोघं सारखे नाहीत. फिरा मागे."

तर त्या संध्याकाळी फोन आला तो बबडीचा. बबडी म्हणजे मावशींची एकुलती एक लेक. बबडी हे घरातलं नाव. तिकडे दक्षिणेच्या समुद्रात, बेटाबेटांनी बनलेल्या एका देशात, ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती. जावई एका बोटीवर इंजिनाची कामं करायचा, त्याच्याबरोबर ती तिकडे गेली, गणित शिकवू लागली आणि नुकतीच मुख्याध्यापिका झाली. शेजारच्या लहान बेटावरून होडीनं येणाऱ्या मुलांची सकाळी ओहोटी असली की होडी अडायची आणि शाळा बुडायची. बबडीनं खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते शाळेची वेळ भरती-ओहोटीशी जुळवून घेण्याचं. ही गोष्ट मावशींनी माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती. गिऱ्हाईक हात पसरून उभं असायचं, त्याला ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आई, मी एक ठरवलंय," बबडी म्हणाली. "रागावू नकोस."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. बोल."

"मी राजीनामा देते. बाळंतपणाला तिकडेच येते."

मावशींचा पाय मशीनवर होता, तो थांबला. मागे इस्त्रीचं फुसफुसणंही थांबलं.

"अगं, आत्ता कुठे खुर्ची मिळाली तुला!"

"तेच तर. पण ह्यांची बोट सारखी बाहेर असते. इथला दवाखाना चांगला आहे, डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण घरात माझं म्हणून कुणी नको का? रजा मिळेल, शाळा मला सोडायला तयार नाही. पण तान्ह्या बाळाला घेऊन एकटीनं शाळा कशी सांभाळू? आणि फार थांबले तर विमानात मला घेणार नाहीत. आत्ताच काय ते ठरवायला हवं."

"एवढंच ना? मी येते."

 बबडी अगदी हळू म्हणाली, "आई, विमानतळावरून आमच्या बेटावर लाँचनं यावं लागतं. समुद्रातून. आणि तू..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजच नव्हती.

फार वर्षांपूर्वी सगळं कुटुंब गावाबाहेरच्या तळ्यावर सहलीला गेलं होतं. मावशी होडीत बसल्या, होडी जराशी हलली आणि मावशी थेट होडीच्या तळाशी आडव्या झाल्या. डोळे गच्च मिटलेले, हातात कुणातरी परक्या माणसाचा पाय. होडी तेव्हा सुटलेलीसुद्धा नव्हती, दोरानं काठाला बांधलेलीच होती. कुटुंबात चार माणसं जमली की काका हा प्रसंग अभिनयासकट सादर करायचे. मावशींनी कधी मनावर घेतलं नव्हतं. पाण्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. आता मात्र घोडं तिथेच अडलं होतं.

"राजीनामा लिहू नकोस," मावशी म्हणाल्या. "मी कळवते."

"काय कळवतेस?"

"ट्रायल घेते आणि कळवते. नक्की जमतंय असं दिसल्याशिवाय मी तुला हो म्हणणार नाही. तू माझ्या भरवशावर बसशील आणि मी विमानतळावरून परत फिरेन, असं व्हायला नको."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "पाण्याला कच्चे टाके कसे घालणार आहेस?"

"तुम्ही इस्त्री बघा. कॉलर जळतेय."

खरंच जळत होती.

तयारीतला कोरडा भाग मावशींच्या हातचा मळ होता. बबडी फोनवरून सांगत गेली आणि मावशी करत गेल्या. कडक बॅग लाँचमध्ये नीट बसत नाही, मऊ पिशव्या आण, असं ती म्हणाली. मावशींनी रेनकोटच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या. पण रेनकोटच्या कापडाला टीप मारली की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरतं. म्हणून शिवण दुहेरी दुमडून तिच्यावर मेणबत्ती घासली, गरम इस्त्री अलगद फिरवली, आत कोरडा टॉवेल ठेवला आणि पिशवी उघड्या नळाखाली टांगली. टॉवेल कोरडाच निघाला तेव्हा काकांनी तो झेंड्यासारखा फडकवला. बेटावर ऊन फार आणि वस्तीत फिरताना अंगभर कपडे बरे, म्हणून पातळ सुती कापडाचे लांब बाह्यांचे कपडे शिवले. विजारींच्या पायांत इलास्टिक घातलं, म्हणजे चढताउतरताना घोळ पायात यायला नको. गोळ्यांच्या पाकिटांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. ओल्या फळीवर घसरणार नाहीत अशा चपला त्यांनी दुकानदाराकडून न्हाणीघराची फरशी ओली करून घेऊन निवडल्या. दुकानदारानं हात टेकले.

एकाच गोष्टीवर वाद झाला.

"कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही म्हणे," मावशी कुरकुरल्या. "विमानात ती म्हणे सामानात टाकावी लागते."

"तुझी जीभ हातातल्या पिशवीत चालेल का, तेही विचारून घे," काका म्हणाले.

सगळं आवरलं आणि ओला भाग उरला.

तळ्यावरचा बोटवाला डोक्यावर टोपी, दाढीचे खुंट वाढलेला, मोठा मिश्कील माणूस होता. मावशींना पाहून तो डोळे बारीक करून बघत राहिला. "तुम्ही त्याच ना? माझ्या वडिलांचा पाय धरलेल्या?"

काकांना ठसका लागला. मावशी म्हणाल्या, "वडील बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अजून सांगतात सगळ्यांना. म्हणतात, एवढी घट्ट पकड मी माशाच्या गळाची पण पाहिली नाही."

त्यानं एक नारिंगी लाइफ जॅकेट दिलं. मावशींनी ते चढवलं. त्या बसल्या की ते वर सरकायचं आणि कानाला लागायचं. बोटवाल्यानं वल्ह्यानं काठाला रेटा दिला, काठ जरासा मागे सरकला आणि मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "थांबा! थांबा हो!" त्या अर्ध्या उठल्या, होडी आणखी डुचमळली, काकांनी त्यांना काठावर ओढून घेतलं. ट्रायल तिथेच संपली.

काठावरच्या दगडावर मावशी धापा टाकत बसल्या. हात जॅकेटवरून फिरत होता. आणि हात फिरता फिरता त्यांना दोषी सापडला.

"हे बघा, बाहीचे मुंढे केवढे मोठे कापलेत! खांद्यात उतार नाही, कंबरेत घेतलेलं नाही. मान अडकते, दंड सुटे राहतात. असल्या फिटिंगमध्ये कुणाचाही जीव घाबरा होईल."

"जीव जॅकेटच्या आधी घाबरा झाला होता," काका पुटपुटले.

बोटवाल्याला मात्र यात संधी दिसली. त्याच्या बऱ्याच जॅकेटांचे पट्टे उसवले होते. "मावशी, एवढे पट्टे शिवून द्याल का? तुमचं तेही घरी न्या, बघा काय करायचं ते."

मावशी गाठोडं घेऊनच घरी आल्या. पट्टे त्यांनी असे शिवले, की जॅकेट फाटेल पण पट्टा निघणार नाही. मग स्वतःच्या जॅकेटाला हात घातला. आतून जाडजूड फोमचे तक्ते निघाले.

"हे काय गं आतमध्ये?" काकांनी विचारलं.

"भरण. कोटाच्या खांद्यात घालतात तसं. शिकाऊ माणसाचं काम दिसतंय, किती ते कोंबलंय!"

त्यांनी फोम मुंढ्याला धरून कापला, पोटावरचा निम्मा काढला, कंबरेत दोन्हीकडून घेतलं, गळ्याला मऊ पट्टी लावली. ट्रायल दिली. जॅकेट असं बसलं, की जणू ते मावशींबरोबरच जन्माला आलं होतं. काकांनी मागून पुढून पाहिलं आणि एकही टोमणा न मारता म्हणाले, "झकास!" उरलेल्या फोमची मावशींनी खुर्चीसाठी एक उशी करून टाकली. कापड असो की आणखी काही, वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तळ्यावर एकदम नको, आधी उथळ पाण्यात बघू, म्हणून त्या पोहण्याच्या तलावावर गेल्या. तिथे बायकांना पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. मावशी कठड्याला धरून छातीइतक्या पाण्यात उतरल्या. अंगावर स्वतःच्या हातचं जॅकेट होतं, त्यामुळे मान ताठ होती.

"कठडा सोडा आणि पाय वर घ्या," बाई म्हणाल्या. "जॅकेट उचलेल तुम्हाला."

मावशींनी कठडा सोडला, पाय वर घेतले आणि खडा पडावा तशा खाली गेल्या.

बाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. नाकातोंडातून पाणी, डोळे लाल. बाईंनी जॅकेट हातानं दाबून पाहिलं. पुन्हा दाबून पाहिलं.

"मावशी, यातला फोम कुठाय?"

"जास्तीचा होता तो. काढला."

"काढला?"

"फिटिंग केलं."

"कुठे टाकलात?"

"उशीत भरला."

काठावरच्या दोन मुली खो-खो हसू लागल्या. बाईंनाही हसू फुटलं होतं, पण क्षणात त्यांचा चेहरा बदलला. "मावशी, तो फोमच तर तुम्हाला तरंगत ठेवतो. बाकी सगळं नुसतं त्याला धरून ठेवायला असतं. हे घालून तुम्ही समुद्रात जाणार होता?"

मावशी पाण्यातून वर आल्या. ओल्या अंगानं बाकावर बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी शेकडो कपडे उसवले होते, आणि उसवताना हा कपडा कशासाठी आहे हे आधी विचारायचं, हे त्या शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला बजावत आल्या होत्या. यावेळी विचारलं नव्हतं. भीतीला जागा बदलून द्यायची होती, म्हणून त्यांनी तिला जॅकेटात शिवून टाकलं होतं.

त्या दिवशी मशीन बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी मावशी विकत घेतलेलं नवं जॅकेट आणि ते कापलेलं घेऊन बोटवाल्याकडे गेल्या आणि घडलेलं सांगितलं. तो पोट धरून हसला. त्यानं ते कापलेलं जॅकेट तिकिटाच्या खिडकीशी खिळ्याला टांगलं आणि शेजारी पाटी लावली, 'हे घालू नये.' येणारा जाणारा मात्र म्हणायचा, "काय सुरेख बसेल हो हे!"

आठवडाभरानं बबडीचा फोन आला. शाळेच्या मंडळाला तिचं उत्तर हवं होतं. "आई, कळवतेस ना? नाही जमलं तरी चालेल गं. खरंच चालेल."

चालेल म्हणताना तिचा आवाज जरा बसला होता. मावशींनी तो ऐकला, काकांनीही ऐकला. "मंडळाला अजून थोडे दिवस थांबव," मावशी म्हणाल्या.

"मी जातो तिच्याकडे," फोन ठेवल्यावर काका म्हणाले.

"तुम्ही? बाळंतपण करणार?"

"इस्त्री करीन."

"बाळाला?"

दोघंही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. मग काकांनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि म्हणाले, "चल, ऊठ. चपला घाल. बसमध्ये जाऊ."

"कुठे?"

"कुठेच नाही. नुसतं बसमध्ये."

दुपारची अर्धीअधिक रिकामी बस होती. मावशी सवयीनं सीटवर टेकायला गेल्या, काकांनी अडवलं. "उभी राहा. दांडा धरायचा नाही."

"पडेन ना!"

"मी आयुष्यभर पडलो का? दोन्ही हात तिकिटांत, पैशांत. धरायला तिसरा हात होता का मला?" काका बसच्या मधोमध उभे राहिले, जसे उभे राहायचे तसे. "तू काय करतेस, गाडी हलली की अंग कडक करतेस, पाय रोवतेस. रोवलेला माणूस आधी पडतो. गुडघे सैल सोड. गाडी उजवीकडे गेली की तूही जा. तिच्याशी भांडायचं नाही."

वळणावर मावशी एका आजोबांच्या मांडीवर जवळजवळ बसल्याच. पुढच्या वळणावर काकांच्या खांद्याला धरलं. त्यानंतरच्या वळणावर कुणालाच धरलं नाही. ड्यूटीवरचा कंडक्टर काकांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "काय रे, वहिनींना नोकरीला लावतोस की काय?"

"प्रवासाला पाठवतोय," काका म्हणाले. त्या स्वरात टोमण्याचा लवलेश नव्हता.

रोज दुपारी बस आणि रोज सकाळी पोहण्याचा तलाव, असं चक्र सुरू झालं. दुकानात शिवायला आलेले शाळेचे युनिफॉर्म रखडू नयेत म्हणून काकांनी सगळी काजं, सगळी बटणं केली आणि सरळ टिपासुद्धा मारल्या. तलावावर बाईंनी मावशींना आधी नवं जॅकेट कसं घालायचं ते शिकवलं, पट्टे खालून वर आवळत यायचे, खांद्याला धरून कुणी वर ओढलं तरी ते सरकता कामा नये. मग एक दिवस म्हणाल्या, "आता जॅकेट काढा. पाण्यावर पाठ टेका."

"तेवढं नको."

"जॅकेट तुम्हाला तरंगवेल, पण भीती तरंगू देणार नाही. मान मागे. अंग सोडा. श्वास धरून बसू नका, सोडा."

मावशींना एकदम हसू आलं. हेच तर त्या रोज सांगायच्या. माप देताना माणूस पोट आत ओढतो, श्वास धरतो, खांदे वर चढवतो, आणि मावशी म्हणतात, "श्वास सोडा, अंग सोडा, नाहीतर चुकीचं माप येईल." किती माणसांना असं सैल केलं असेल त्यांनी! आपल्यालाच कुणी कधी सांगितलं नव्हतं, इतकंच. हसता हसता त्यांचा श्वास आपोआप सुटला. कानात पाणी गेलं, आवाज लांब गेले, वर नुसतं छत दिसायला लागलं. पाठीखालचा बाईंचा हात कधी निघाला ते त्यांना कळलंही नाही.

"किती वेळ झाला?" त्यांनी उभं राहून विचारलं.

"पुरेसा," बाई म्हणाल्या आणि काठावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

यानंतरची ट्रायल तळ्यावर झाली. त्या दिवशी वारा होता. काका म्हणाले उद्या येऊ, मावशी म्हणाल्या आजच बरं, वारा तिकडेही असणारच. बोटवाल्यानं हात पुढे केला. "पाय धरायचा असेल तर आधीच सांगा, मी विजार बदलून येतो."

"पाय तुमचा तुमच्याजवळ ठेवा. वल्हं नीट मारा."

होडी सुटली. काठ मागे सरकला आणि मावशींचा हात होडीच्या कडेकडे गेला, तो गेलाच. पण त्यांनी गुडघे सैल ठेवले, कंबर सोडली आणि होडी झुकेल तशा झुकत राहिल्या. मध्यावर आल्यावर पलीकडून एक मोटारबोट जोरात गेली. तिच्या लाटांनी होडी वरखाली आपटू लागली, गार पाणी तोंडावर उडालं. काकांनी घाबरून होडीची कड धरली. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, पाय रोवू नका."

बोटवाल्याचं वल्हं हसण्यानं हातातून सुटायचंच बाकी होतं. होडी पलीकडच्या काठाला लागली, परत फिरली. अलीकडच्या काठावर काका उतरले, पण मावशी उतरेनात. "अजून एक फेरी," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा बरोबर बसलं म्हणजे बसलंच असं नसतं. दोनदा बघावं."

दुसऱ्या फेरीत त्या उभ्या राहिल्या. जॅकेट घालून, हात मोकळे, तळ्याच्या मधोमध. काठावर काका कमरेवर हात ठेवून पाहत होते. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "आमच्या घरातली आहे ती."

उतरल्या उतरल्या, ओल्या कपड्यांनिशी, मावशींनी लेकीला फोन लावला.

"बबडे, मंडळाला सांग, मुख्याध्यापिका कुठेही जाणार नाहीत. त्यांची आई येतेय."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बबडी म्हणाली, "बाबांना दे. मला खरं खरं ऐकायचंय."

काकांनी फोन घेतला आणि तळ्यावरची ती जुनी गोष्ट जितकी रंगवून सांगायचे त्याच्या दुप्पट रंगवून ही नवी गोष्ट सांगितली. यात मोटारबोटीचं जहाज झालं आणि वाऱ्याचं वादळ. मावशींनी दुरुस्त केलं नाही.

निघायच्या दिवशी काकांनी विमानतळापर्यंत पिशव्या उचलल्या. "उभं राहायची वेळ आली तर..." त्यांनी सुरुवात केली.

"गुडघे सैल. कळलंय. तुम्ही कॉलरी जाळू नका. आणि काजांचा दोरा दुहेरी घ्या."

विमानाचं मावशींना फारसं काही वाटलं नाही. मोठी बस, फक्त कंडक्टर जरा नीटनेटके. खिडकीतून खाली बेटं दिसू लागली, निळ्या कापडावर कुणी खडूनं खुणा करून ठेवाव्यात तशी. विमानतळातून बाहेर पडलं की समोरच धक्का होता, बबडीनं सांगितल्याप्रमाणे. लाँच हिंदकळत होती. जॅकेटांच्या ढिगातून मावशींनी चार जॅकेटं हाताळून एक निवडलं, आतला फोम दाबून पाहिला, पट्टे खालून वर आवळत आणले. लाँचवरच्या तरुणानं त्यांना उचलून घेण्याच्या बेतानं दोन्ही हात पुढे केले. मावशींनी त्याच्या हातात पिशवी दिली, लाट फळीच्या बरोबरीला येईपर्यंत थांबल्या आणि आपल्या आपण पाऊल टाकलं.

समुद्र तळ्यासारखा नव्हता. तो खाली खोल जायचा आणि वर यायचा, आणि मधे मधे लाँच लाटेवर अशी आदळायची की दात वाजायचे. मावशींना भीती वाटलीच नाही असं नाही. वाटली, चांगलीच वाटली. एकदा तर त्यांनी डोळेही मिटले. पण मिटलेल्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही हे लक्षात आल्यावर उघडले, आणि मग उघडेच ठेवले. लेकीनं रोज पाहिलेलं हे पाणी त्यांना पाहायचं होतं.

बेटाच्या धक्क्यावर बबडी उभी होती. पोट पुढे, पदाला शोभेशी पाठ ताठ, आणि मागे शाळेची दहाबारा मुलं आणि दोन शिक्षिका. लाँच लागली तशी ती पुढे आली, ओल्या फळीपर्यंत.

"आई, थांब, हात दे!"

"तू मागे हो आधी," मावशी लाँचमधूनच ओरडल्या. "या दिवसांत ओल्या फळीवर उभी राहतेस? शिकवलंय काय मी तुला?"

त्या उतरल्या. बबडीनं त्यांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग तिनं डोळे पुसले, शिक्षिकांकडे वळून तिथल्या भाषेत काहीतरी सांगितलं. मावशींना शब्द कळले नाहीत, पण सांगताना लेकीची हनुवटी वर गेलेली दिसली. शिक्षिका अदबीनं मान झुकवून हसल्या. मुलं डोळे विस्फारून मावशींकडे बघू लागली.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"सांगितलं, माझी आई समुद्र पोहून आली."

"मुख्याध्यापिका असून खोटं बोलतेस?"

"थोडंसंच खोटं आहे."

मावशींनी मुलांकडे पाहिलं, मग उन्हाकडे. "आणि ही सगळी इथे कशाला उभी केलीस? आज शाळा नाही?"

"आहे. म्हटलं, तुला घरी सोडते आणि मग..."

"घरी मी जाते. घर कुठलं ते सांग आणि किल्ली दे. तू शाळेत जा."

"आई, आत्ताच तर आलीस!"

"म्हणूनच. मी आलेय ना? मग जा."

बबडीनं गळ्यातली दोरी काढून किल्ली दिली आणि रस्ता दाखवला. तिनं मुलांना हाक मारली, मुलं रांगेत लागली. पांढऱ्या वाळूच्या रस्त्यानं ती पुढे आणि रांग मागे, अशी ती शाळेकडे निघाली. मावशी पिशव्या खाली ठेवून धक्क्यावर उभ्या राहिल्या, आणि लेकीची ती चालती शाळा नजरेआड होईपर्यंत हलल्या नाहीत.